खोक्यावर १ के, हातात किती?

मार्च १९८१मध्ये ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स८१ हा घरगुती संगणक विक्रीला आला. तयार घेतला तर ६९ पौंड ९५ पेन्स, सुटे भाग आणून घरी डाग देत बसायची तयारी असेल तर ४९ पौंड ९५. कीबोर्ड सपाट पातळ पापुद्र्याचा, चित्र घरातल्या टीव्हीवर, प्रोग्रॅम साठवायला कॅसेट. आणि मेमरी १ किलोबाइट, म्हणजे १०२४ बाइट्स. युनिकोडच्या यूटीएफ-८ या आजच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीतल्या एकेका चिन्हाला ३ बाइट्स लागतात. तेव्हा तुम्ही आत्ता वाचताय तो परिच्छेदसुद्धा त्या संगणकात मावला नसता.

बरं, हे १०२४ तरी पूर्ण हाती लागत होते का? नाही. त्यातले पहिले १२५ बाइट्स संगणक स्वतःच्या नोंदींसाठी अडवून ठेवायचा: प्रोग्रॅम कुठे संपतो, कर्सर कुठे आहे, शेवटची कळ कोणती दाबली वगैरे. त्यानंतर पडदा. टीव्हीवर दिसणारी प्रत्येक गोष्ट याच मेमरीत ठेवावी लागे. २४ ओळी, प्रत्येकीत ३२ अक्षरं आणि ओळ संपल्याची एकेक खूण, सुरुवातीला आणखी एक. भरलेल्या पडद्याचे झाले ७९३ बाइट्स. वजाबाकी केली की उरतात १०६. प्रोग्रॅम, त्यातल्या चलांच्या किमती, आकडेमोडीची कच्ची जागा, सगळं या १०६मध्ये.

एवढ्यात काहीच होत नाही, हे संगणक बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणून मेमरी कमी असेल तेव्हा पडदा ‘मिटलेला’ ठेवायची सोय त्यांनी केली. ओळ रिकामी असेल तर ३२ जागा राखून ठेवायच्याच नाहीत, फक्त ओळ संपल्याची खूण ठेवायची. असा कोरा पडदा २५ बाइट्समध्ये भागतो. मात्र एक अक्षर छापलं की एक बाइट गेला. त्यामुळे प्रोग्रॅम आणि पडदा यांची त्याच जागेसाठी ओढाताण चाले. प्रोग्रॅम लांबत गेला की त्याच्या पडद्यावर दिसणाऱ्या ओळी कमी कमी होत जात आणि शेवटी खाली ४ हा आकडा उमटे: जागा संपली.

मग लोकांनी बाइट वाचवायच्या ज्या युक्त्या शोधल्या, त्या मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत रंजक भाग वाटतो. बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतले ‘लेट’, ‘प्रिंट’ असे शब्द एकेका बाइटमध्ये साठत, ही चैनच होती. महाग पडायचे ते साधे अंक! प्रोग्रॅममध्ये ० लिहिला की तो अंक दिसण्यासाठी एक बाइट, पुढे ‘इथे संख्या आहे’ असं सांगणारा एक आणि त्याच संख्येच्या तयार द्विमान रूपाचे पाच. एका शून्याला सात बाइट्स. पण वर्तुळाचा जो ३.१४ वाला पाय, तो एका बाइटचा शब्द होता आणि ‘नॉट’ हाही एका बाइटचा. ‘नॉट’ शून्य नसलेल्या संख्येचं शून्य करतो; पाय शून्य नाही, म्हणून ‘नॉट पाय’ म्हणजे शून्य. दोन बाइट्समध्ये काम झालं, पाच वाचले. तसंच पायचं चिन्ह धन की ऋण हे सांगणारा शब्द वापरला की १ मिळे आणि पायचा पूर्णांक घेतला की ३. दहा हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून लिहायचे आणि ‘व्हॅल’ने त्याची संख्या करून घ्यायची: आठऐवजी पाच बाइट्स. संगणक थोडा जास्त रेंगाळे, पण वेळ फुकट होता, जागा नव्हती. या काटकसरीचा कळस म्हणजे डेव्हिड हॉर्न यांचा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम. तो मशीन कोडमध्ये, म्हणजे प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आकडी आज्ञांमध्ये, ६७२ बाइट्सचा होता. किल्लेकोट नाही, प्याद्याची बढती नाही, पण संगणक समोर बसून खेळायचा.

ज्यांना हे जमत नसे, त्यांच्यासाठी १६ केचा, म्हणजे १६ किलोबाइट मेमरीचा, रॅम पॅक. मागच्या बाजूला उघड्या पट्टीवर खोचायची काळी डबी. ती लावली की आतला १ के बंद पडे, म्हणजे एकूण १६च, १७ नव्हे. पॅकमधल्या चिप्स स्वस्त, डायनॅमिक जातीच्या. त्यांत प्रत्येक बिट (एक ० किंवा १; आठ बिट्सचा एक बाइट) म्हणजे सूक्ष्म धारित्रातला (कपॅसिटरमधला) विद्युतभार, आणि तो काही मिलिसेकंदांत गळून जातो. तो पुन्हा पुन्हा ताजा करावा लागतो. संगणकातला झेड८० प्रोसेसर त्यासाठी लागणारे पत्ते (मेमरीतल्या जागांचे क्रमांक) स्वतःच पुरवत असल्यामुळे हे स्वस्तात जमलं. जमलं नाही ते डबी घट्ट बसवणं. टायपिंग करताना संगणक किंचित हलला की जोड सुटे आणि तासाभराची मेहनत क्षणात पुसली जाई. लोक चिकणमातीसारखा ब्लू टॅक लावून ती डबी जागेवर ठेवत. पैसे वाचवायचे म्हणून किती वाचवायचे, यालाही मर्यादा हवी होती.

१९८२मध्ये आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रममध्ये १६ के किंवा ४८ के रॅम होती. ४८च्या मॉडेलमधल्या वरच्या ३२ केची हकीकत मजेशीर आहे. ६४ किलोबिटच्या ज्या चिप्सचा अर्धा भाग सदोष निघाला, त्या सिंक्लेअरने कमी भावात उचलल्या. एका बोर्डावरच्या आठही चिप्सचा एकच अर्धा भाग चांगला असला की झालं. कोणता, ते एका तारेने ठरवायचं. पुढे याच कुळातल्या स्पेक्ट्रम प्लसची ‘डीबी स्पेक्ट्रम’ ही आवृत्ती डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने परवाना घेऊन भारतातही विकली.

पण ४८वर गाडी अडली ती पैशांमुळे नव्हे. झेड८०मधून पत्त्यासाठी १६ तारा निघतात. प्रत्येक तारेवर ० किंवा १, म्हणजे एकूण ६५,५३६ पत्ते. त्यांतले १६,३८४ बेसिक असलेल्या रॉमने (न पुसल्या जाणाऱ्या कायमच्या मेमरीने) घेतलेले, उरलेले ४९,१५२ रॅमने. नवी चिप आणून लावाल, पण तिला द्यायला पत्ताच शिल्लक नाही.

यावरचा तोडगा १२८ केच्या स्पेक्ट्रममध्ये आला. हा संगणक आधी १९८५मध्ये स्पेनमध्ये आणि १९८६मध्ये ब्रिटनमध्ये विकला गेला. रॅमचे १६ केचे आठ तुकडे करायचे आणि ४९१५२ पासूनच्या शेवटच्या १६ के पत्त्यांवर त्यातला हवा तो एक आणायचा. आपल्या नाटकातल्या फिरत्या रंगमंचासारखं: पुढे एकच देखावा, बाकीचे मागे लावून तयार. ३२७६५ या क्रमांकाच्या पोर्टवर (प्रोसेसर ज्यातून इतर भागांना आज्ञा देतो त्या दारावर) एक आकडा पाठवला की मंच फिरे. धोकाही तोच. मंच फिरवण्याची आज्ञा देणारा प्रोग्रॅम स्वतःच त्या फिरत्या भागात असेल, तर पुढच्या क्षणी त्याच्या पत्त्यावर भलताच मजकूर असतो आणि संगणक भरकटतो. त्यात त्या पोर्टवर लिहिता येई, वाचता येत नसे. सध्या कोणता तुकडा पुढे आहे याची नोंद प्रोग्रॅमने वेगळी ठेवायची.

त्याच पोर्टमध्ये एका बिटचं कुलूपही होतं. ते लागलं की संगणक रीसेट करेपर्यंत तुकडे बदलता येत नसत. मेनूतून ‘४८ बेसिक’ निवडलं की ते लागायचं, आणि १२८ के विकत घेतलेल्यांनाही ते वरचेवर निवडावं लागे, कारण दुकानातले बहुतेक गेम ४८ केसाठीच लिहिलेले होते.