वर्षवलय आणि दिनरेषा: माशाच्या कर्णाश्मातील दोन वेगळ्या नोंदी

माशाच्या कानातील खड्यावरची, म्हणजे कर्णाश्मावरची, वलये मोजली की त्याचे वय वर्षांत कळते, असे विधान पुन्हा पुन्हा वाचावे लागते आणि उदाहरण म्हणून बहुधा बांगडा किंवा तारला पुढे केला जातो. हे विधान अर्धेच खरे आहे आणि आपल्या या दोन माशांच्या बाबतीत तर ते सरळ दिशाभूल करते.

वर्षवलय सर्वांच्या परिचयाचे आहे. झाडाच्या खोडाप्रमाणे वाढ मंदावली की एक पट्टा उमटतो. जर्मन शास्त्रज्ञ राइबिश यांनी १८९९ मध्ये प्लेस या युरोपातील चपट्या माशाचे वय याच रीतीने मोजले. कर्णाश्माला ‘कानातले हाड’ म्हणणे मात्र थांबवावे, कारण तो कॅल्शियम कार्बोनेटचा खडा आहे आणि हाडासारखा झिजून पुन्हा घडत नाही. मोरी (शार्क) आणि वाघळी (पाकट) यांच्यात असा घट्ट खडा नसतो, म्हणून त्यांचे वय मणक्यांवरून पाहतात.

खरा गोंधळ दिनरेषांचा आहे. शास्त्रज्ञ जॉर्जिओ पॅनेला यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की या खड्यात दररोज एक अतिसूक्ष्म थर चढतो. अंतर्कर्णातील द्रवाचे रसायन दिवसरात्रीच्या चक्राबरोबर बदलते, त्यामुळे खनिजाचे प्रमाण जास्त असलेला आणि प्रथिनाचे प्रमाण जास्त असलेला असे दोन पदर आलटून पालटून बसतात. या थराची जाडी फार तर काही मायक्रोमीटर असते. खडा घासून पातळ केल्याशिवाय आणि शेकडो पट मोठा करून पाहिल्याशिवाय तो दिसत नाही. साध्या भिंगाखाली जे ठळक पट्टे दिसतात, ते दिनरेषा नव्हेत.

मग ते पट्टे वर्षाचे असतात का? थंड प्रदेशात बहुतेक वेळा असतात, कारण तेथे हिवाळा वाढ रोखतो. गोव्याच्या समुद्रात तसा हिवाळा नाही; पावसाळ्यात खालचे थंड पाणी वर येते, अन्नाचे प्रमाण बदलते, मासे अंडी घालतात, आणि यांपैकी कोणत्याही कारणाने पट्टा उमटू शकतो, प्रसंगी वर्षातून दोनदाही. म्हणून खड्यावर रसायनाची खूण उमटवून, मासा जिवंत ठेवून पुढे किती पट्टे उमटतात ते पाहिल्याशिवाय, किंवा वर्षभर दरमहा खड्याची कडा तपासल्याशिवाय, पट्ट्याला वर्षवलय म्हणणाऱ्या कोणत्याही आकड्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

तारल्याचे आयुष्य साधारण अडीच वर्षांचे असते. त्याचे वय ‘दोन वर्षे’ सांगून फारसे काही कळत नाही. दिनरेषांवरून मात्र जन्माचा दिवसच काढता येतो. समजा, १५ ऑक्टोबरला गोव्यातील मालिमच्या जेटीवर उतरलेल्या कोवळ्या बांगड्याच्या खड्यात १२० रेषा मिळाल्या, तर मोजणी १७ जूनपर्यंत मागे जाते. काही जातींत पहिली रेषा अंड्यातून बाहेर पडल्यावर काही दिवसांनी उमटते, तेवढे दिवस आणखी मागे जावे लागते. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी विणीच्या काळाला कितपत झाकते, हे अशा अनेक जन्मतारखा एकत्र मांडूनच तपासता येते. वर्षवलयाला हा प्रश्न सोडवता येत नाही.

पहिल्या वर्षानंतर मात्र रेषा इतक्या दाट होतात की मोजणी भरवशाची राहत नाही. ऑरेंज रफी या खोल समुद्रातील माशाचे शंभराहून अधिक वर्षांचे आयुष्य वर्षवलयांनीच उघड केले आणि किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या मापनाने त्याला दुजोरा दिला; तेथे दिनरेषा मोजत बसणे व्यर्थ आहे.