वर्षअखेरीची पंगत घराबाहेर कशी आली: चिनी उपाहारगृहांच्या सणपूर्व तयारीची पार्श्वभूमी

चिनी चांद्र वर्षाच्या अखेरच्या रात्री बीजिंग, शांघाय किंवा सिंगापूर येथील नावाजलेल्या उपाहारगृहात आयत्या वेळी जाऊन टेबल मिळणे जवळजवळ अशक्य असते. नोंदणी कित्येक आठवडे आधी झालेली असते, अनामत भरून घेतलेली असते, पदार्थांची यादी ठरलेली असते आणि एकाच संध्याकाळी दोन पंगती उठवायच्या असल्याने पहिल्या पंगतीने किती वाजता जागा मोकळी करायची हेही आधीच सांगितलेले असते. ही व्यवस्था आज इतकी रुळली आहे की ती पूर्वापार चालत आली असावी असे वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. चीनमध्ये बाराव्या शतकाच्या आरंभी, सोंग राजवटीची राजधानी असलेल्या काइफंगमध्येही, मोठमोठी भोजनगृहे होती. पण वर्षअखेरीचे जेवण, ज्याला ‘निएन-ये-फान’ म्हणतात, ते घरचेच राहिले. उपाहारगृहांच्या हाती ते फार उशिरा आले, आणि त्यांच्या सणापूर्वीच्या तयारीतल्या बहुतेक गोष्टी घराच्या चुलीवरून किंवा व्यापाऱ्याच्या पेढीवरून आलेल्या आहेत.

चुलीचा संबंध तर थेट आहे. बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशी, दक्षिणेत चोविसाव्या दिवशी, चुलीचा देव वर्षभराचा वृत्तांत सांगण्यासाठी स्वर्गात जातो अशी श्रद्धा असून, त्याने गोडच बोलावे म्हणून त्याला चिकट मिठाईचा नैवेद्य दाखवतात. त्याच सुमारास घराची मोठी झाडलोट होते. पेढीकडून आलेला वारसा हिशेबाचा आहे. जुन्या चीनमध्ये उधारी वर्षातून तीनदा, म्हणजे ड्रॅगन-नौकांचा सण, शरदातील पौर्णिमा आणि वर्षअखेर या वेळी चुकती करण्याची रीत होती, आणि त्यांपैकी शेवटची वसुली सर्वांत कडक असे. लक्ष्मीपूजनाला चोपडी पुजणाऱ्या आपल्याकडच्या व्यापाऱ्याला यातले मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. नववर्षाच्या पाचव्या दिवशी धनदेवतेचे स्वागत करून दुकाने पुन्हा उघडण्याची प्रथाही याच व्यापारी जगातली आहे.

त्याच जगातली आणखी एक रीत उपाहारगृहांच्या गल्ल्याशी आज सर्वाधिक जोडलेली आहे. फुजियान आणि तैवानमधील व्यापारी दर चांद्र महिन्याच्या दुसऱ्या व सोळाव्या दिवशी भूमिदेवाची पूजा करतात. वर्षातली शेवटची पूजा बाराव्या महिन्याच्या सोळाव्या दिवशी येते, तिला ‘वेइया’ म्हणतात, आणि त्या दिवशी मालकाने नोकरांना जेवू घालायचे असते. ताटातल्या कोंबडीचे तोंड ज्याच्याकडे केलेले असेल त्याला नव्या वर्षी कामावर यायचे नाही, असा संकेत पूर्वी होता. कोंबडीची ती धास्ती आता आठवणीपुरती उरली आहे, पण मेजवानी मात्र पेढीतून उठून उपाहारगृहाच्या मोठ्या दालनात गेली. त्यामुळे तैवानमधील उपाहारगृहाचा हंगाम नववर्षाच्या रात्री सुरू होत नाही; तो कित्येक दिवस आधी, कंपन्यांच्या नोंदणीपासूनच सुरू झालेला असतो.

मुख्य भूमीवरील चीनमध्ये सणाचा इतिहास अधिक खडतर आहे. १९१२ मध्ये प्रजासत्ताकाने पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारली आणि ‘नववर्ष’ हे नाव १ जानेवारीला गेले. १९१४ पासून जुन्या नववर्षाला ‘वसंतोत्सव’ असे अधिकृत नाव मिळाले. १९४९ नंतर, कम्युनिस्ट राजवटीत, या सणाची सुट्टी कायम राहिली, परंतु १९५० च्या दशकात खासगी उपाहारगृहे सरकारी किंवा सामुदायिक मालकीत गेली आणि सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६७ मध्ये, सणाची सुट्टीच रद्द झाली. ती पूर्ववत होईपर्यंत दशकाहून अधिक काळ गेला. धान्य कुपनांवर मिळत असलेल्या त्या वर्षांत सणाची तयारी म्हणजे रांगेत उभे राहून मांस, तेल आणि पीठ थोडे थोडे साठवणे हीच होती.

म्हणून ३० सप्टेंबर १९८० ही तारीख या विषयात महत्त्वाची वाटते. त्या दिवशी बीजिंगच्या छ्वेइहुआ गल्लीत एका दांपत्याने ‘युएबिन’ हे छोटे भोजनगृह सुरू केले. राजधानीत आर्थिक सुधारणांच्या काळात निघालेले ते पहिले खासगी उपाहारगृह. धंदा टिकेल की सरकार उद्या तो बंद पाडेल, याची खात्री कोणालाच नव्हती. पुढच्याच नववर्षाच्या पहिल्या दिवशी, ५ फेब्रुवारी १९८१ रोजी, उपपंतप्रधान याओ यिलिन आणि छन मुहुआ शुभेच्छा देण्यासाठी त्या गल्लीत गेले. सणाच्या दिवशी दिलेली ती भेट हा परवानगीचा संकेत होता, आणि लहान व्यावसायिकांनी तो तसाच वाचला.

तरीही कुटुंबे नववर्षाच्या रात्री लगेच बाहेर जेवू लागली नाहीत. त्यासाठी अनेक गोष्टी एकत्र याव्या लागल्या: १९९३ मध्ये धान्याची कुपने इतिहासजमा झाली, शहरांत हातात पैसा खेळू लागला, घरे लहान होती, आणि १९८० पासूनच्या एक-अपत्य धोरणामुळे एका तरुण जोडप्यावर दोन्हीकडच्या आईवडिलांना एकत्र बसवण्याची जबाबदारी आली. दहा-बारा पदार्थ रांधायला दिवसभर राबणारी घरातली बाई नोकरीवर जाऊ लागली होती, हे कारण मला यांत सर्वांत वजनदार वाटते. १९९९ मध्ये सुट्ट्यांची फेररचना झाल्यानंतर सलग सात दिवसांची सुट्टी मिळू लागली आणि उपाहारगृहांना एका रात्रीऐवजी पूर्ण आठवड्याचे नियोजन करावे लागले.

पदार्थ बदलले नाहीत, कारण त्यांची नावेच शकुनाची आहेत. माशाला चिनी भाषेत ‘यू’ म्हणतात आणि ‘शिल्लक’ या शब्दाचा उच्चारही तोच आहे. म्हणून अख्खा मासा हवाच, तो डोक्यासकट हवा, आणि त्यातला थोडा पानात उरलाही पाहिजे. घरात हा एक मासा असतो. भटारखान्यात साठ टेबलांना साठ मासे, तेही जवळपास एकाच वेळी, वाफेच्या पेटीतून काढायचे असतात. वाफवलेला मासा आधी करून ठेवता येत नाही. दोन-तीन मिनिटे उशीर झाला तरी त्याचे मांस घट्ट होते. ठरावीक यादी आणि ठरावीक वेळ यांचा आग्रह उपाहारगृहे का धरतात, याचे उत्तर त्या वाफेच्या पेटीपाशी मिळते.

शकुनाची किंमतही मोजावी लागली आहे. कँटनी लोकांत सुकवलेल्या कालवांबरोबर केसासारखे दिसणारे काळे शेवाळ शिजवतात, कारण ‘फात चोय’ हे त्याचे नाव ‘धनवान व्हा’ या शुभेच्छेसारखे उच्चारले जाते. ते वायव्येकडील कोरड्या माळरानांवर उगवते. ते खरवडून काढल्याने जमिनीची धूप होऊन वाळवंट पसरू लागले, तेव्हा चीन सरकारने २००० मध्ये ते गोळा करण्यावर आणि विकण्यावर बंदी घातली. हा निर्णय योग्यच होता.

सगळेच संकेत जुने नाहीत, आणि काही तर उपाहारगृहांनीच घडवले. कच्च्या माशाचे पातळ काप, किसलेला मुळा, गाजर, आलूबुखारची चटणी आणि कुरकुरीत पापड्या मोठ्या थाळीत घालून सर्वांनी उभे राहून काड्यांनी उंच उडवायचे, ही ‘लो हेइ’ची प्रथा सिंगापूर-मलेशियात आज अनिवार्य मानली जाते. तिचे आजचे सप्तरंगी रूप १९६४ मध्ये सिंगापूरच्या ‘लाय वाह’ उपाहारगृहात थाम युई काय, लाऊ योक पुई, सिन लेओंग आणि हूई कोक वाय या चार आचाऱ्यांनी रूढ केले असे तेथे मानले जाते. मलेशियातील सेरेंबानचाही त्यावर दावा आहे.

आपल्या देशातील दुवा लहान असला तरी खरा आहे. मुंबईत माझगावला ‘सी यिप कून’ हे चिनी मंदिर असून नववर्षाच्या रात्री तेथे शहरातील मोजकी चिनी कुटुंबे दर्शनाला येतात. कोलकात्यात तांगरा या वस्तीतले हक्का चिनी लोक कातडी कमावण्याच्या धंद्यात होते. १९६२ च्या युद्धानंतर भारतातील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळी येथे डांबण्यात आले आणि कित्येक कुटुंबे देश सोडून गेली. पुढे १९९६ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने चर्मालये हलवावी लागली, तेव्हा तांगऱ्याचा भार उपाहारगृहांवरच आला.

हंगाम एका रात्रीवर विसंबलेला असल्याचा धोका २०२० मध्ये उघड झाला. कोविडच्या साथीमुळे वूहान शहराची नाकेबंदी २३ जानेवारीला झाली आणि वर्षअखेरीची रात्र २४ जानेवारीची होती. देशभर नोंदण्या रद्द झाल्या, अनामती परत कराव्या लागल्या, आणि भरलेल्या कोठ्यांतील भाजीपाला उपाहारगृहांनी दारात मांडून विकला. तेव्हापासून अर्धवट शिजवलेल्या पदार्थांचे संच घरपोच देण्याकडे व्यवसायाचा ओढा वाढला.

तारखेचे गणितही सोपे नाही. नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या दरम्यान सरकत राहते. आपल्या पंचांगाने पाहिल्यास ते बहुधा पौष अमावास्येच्या आणि अधिक मासाच्या हिशेबाने कधी माघ अमावास्येच्या सुमारास येते. २०२५ मध्ये ते २९ जानेवारीला होते, २०२६ मध्ये १७ फेब्रुवारीला.

पण मालाची मागणी आधी नोंदवता येते. माणसांचे तसे नाही. शहरांतील आचारी, वाढपी आणि भांडी घासणारे बहुतांशी खेड्यांतून आलेले असतात, आणि सणाच्या आगेमागे चाळीस दिवस चालणाऱ्या प्रवासाच्या लोंढ्यात त्यांनाही गावी जायचे असते. १९९५ पासून लागू असलेल्या कामगार कायद्याने अधिकृत सुट्टीच्या दिवशी किमान तिप्पट मजुरी देणे बंधनकारक केले आहे, आणि चांगले मालक घरभाड्यापासून परतीच्या तिकिटापर्यंत आणखी काही देऊन माणसे थांबवतात. थांबलेल्यांसाठी स्वतंत्र पंगत मांडली जाते: दुपारची आवराआवर आणि संध्याकाळची पहिली पंगत यांमधल्या तासाभरात, नाहीतर शेवटचा ग्राहक गेल्यावर मध्यरात्री. त्या टेबलावरही अख्खा मासा असतो, आणि तो मालकाने किंवा मुख्य आचाऱ्याने स्वतः वाढायचा असतो.