कापडी पंखांचं विमान नव्याने मढवायचंय? अमेरिकेतला फॉर्म ३३७ आणि त्याआधीची कागदपत्रं

"पायपर कब स्वस्तात मिळतंय, फक्त पंखांचं कापड बदलावं लागेल." असा फोन आला की मी आधी एकच विचारतो: सही कोण करणार आहे? पलीकडे बहुतेक वेळा शांतता. कापड कुठलं घ्यायचं, रंग कुठला, गॅरेजात पंख मावेल का, हे सगळं ठरलेलं असतं. सहीचं मात्र काहीच ठरलेलं नसतं.

पायपर जे-३ कब १९३८ ते १९४७ या काळात पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवन इथे बनलं, जवळजवळ वीस हजार. सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंखांत फासळ्या, म्हणजे रिब, आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. तबला मढवतात तसं विमान मढवलेलं. मूळचं कापड सुती होतं आणि त्यावर डोपचे, म्हणजे कापड आवळून घट्ट करणाऱ्या लाखेसारख्या द्रावणाचे, थर असत. आता जवळजवळ सगळेच पॉलिएस्टर लावतात. खालची माहिती अमेरिकेत नोंदवलेल्या, म्हणजे एन-नंबरच्या, कारखान्यात बनलेल्या आणि स्टँडर्ड एअरवर्दीनेस सर्टिफिकेट, म्हणजे उड्डाणयोग्यतेचं नेहमीचं प्रमाणपत्र, असलेल्या विमानांसाठी आहे. घरी बांधलेल्या एक्स्पेरिमेंटल विमानाला यातलं बरंच लागू होत नाही. भारतातल्या व्हीटी नोंदणीच्या विमानाला तर एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचा, फॉर्म ३३७ चालतच नाही, तिथे डीजीसीएचे, म्हणजे भारतीय नियामकाचे, नियम.

नियम या कामाला काय म्हणतो

एफएएच्या नियमावलीतल्या पार्ट ४३ च्या परिशिष्ट 'अ' मध्ये कामांची वर्गवारी आहे. कापडाला लहानसं ठिगळ लावायचं असेल, त्यासाठी रिबवरचे टाके घालावे लागत नसतील आणि सांगाड्याचा भाग किंवा कंट्रोल सरफेस, म्हणजे विमान वळवणारा हलता भाग, काढावा लागत नसेल, तर ती प्रतिबंधात्मक देखभाल. प्रायव्हेट पायलट सर्टिफिकेट असलेला मालक ती स्वतः करून लॉगबुकात सही करू शकतो. लागोपाठच्या दोन रिबच्या दुरुस्तीला लागेल त्याहून मोठ्या भागावर काम गेलं, की ती 'मेजर रिपेअर'. आणि पंख, बॉडी, शेपटी यांचं कापड बदलणं हे तिथे सरळ नाव घेऊनच मेजर रिपेअरमध्ये टाकलेलं आहे. म्हणजे फॉर्म ३३७, अशा मोठ्या कामाची नोंद करणारा एफएएचा कागद, आलाच. मूळच्या सुती कापडाऐवजी पॉलिएस्टर लावायचं तर त्यासाठी आणखी एक मंजुरी लागते, एसटीसी, म्हणजे विमानाच्या मूळ मंजूर रचनेत बदल करायला एफएएने दिलेली मान्यता. तिच्याकडे पुढे येतो.

कापड खरंच बदलायला हवं का, हे आधी ठरवा. कब हलकं विमान. १,२२० पौंड वजन १७८.५ चौरस फुटांच्या पंखावर, म्हणजे दर चौरस फुटाला ७ पौंडांहून कमी भार. आणि कधीही ओलांडू नये असा वेग ताशी १२२ मैल. भार ९ पौंडांच्या आत आणि हा वेग १६० च्या आत असलेल्या विमानाला नवं कापड इंचाला किमान ६५ पौंड ताण सोसणारं लागतं, आणि वापरात ते ४६ वर येईपर्यंत चालतं. त्याहून जड किंवा वेगवान विमानांसाठी हेच आकडे ८० आणि ५६. इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. कबवर कुणी ८० पौंडांचं ग्रेड ए कापड लावलं असेल तर मर्यादा ५६ होते, असं लोक मानतात. होत नाही. विमानाला किती ताकद लागते त्यावर मर्यादा ठरते, तुम्ही किती भारी कापड लावलंत त्यावर नाही.

तपासणी पंखाच्या वरच्या बाजूला, सगळ्यात गडद रंगाच्या जागी करून घ्या. ऊन तिथेच जास्त शोषलं जातं. पांढऱ्या भागावर पास झालेलं कापड शेजारच्या गडद पट्ट्यावर नापास होताना मी पाहिलंय.

पात्रता: विमान कुणाच्या नावावर, काम कुणाचं, सही कुणाची

विमान स्वतःच्या नावावर नोंदवायला माणूस अमेरिकेचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी, म्हणजे ग्रीन कार्डधारक, असावा लागतो. एच-१बी वर असलेल्यांना हे बहुतेक वेळा विक्रेत्याला बयाणा देऊन झाल्यावर कळतं. भागीदारीत विमान घेतलं तर प्रत्येक भागीदार पात्र हवा. नवऱ्याकडे ग्रीन कार्ड आणि बायकोचं अजून रांगेत, तर दोघांच्या नावावर होणार नाही. मग ट्रस्टचा मार्ग उरतो. अमेरिकेत स्थापन झालेल्या कंपनीच्या नावावरही करता येतं, पण मालकी परदेशी असेल तर विमान मुख्यत्वे अमेरिकेतच वापरल्याचं, म्हणजे किमान ६० टक्के उड्डाणतास तिथलेच असल्याचं, दाखवावं लागतं. नोंदणीची मुदत सात वर्षं. पंख गॅरेजात दोन-तीन वर्षं पडून राहतात, तेवढ्यात ती संपून जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

काम कोण करू शकतं? इथे नियम बराच उदार आहे. एअरफ्रेम रेटिंग असलेल्या मेकॅनिकच्या देखरेखीखाली तुम्ही स्वतः सगळं काम करू शकता: कापड चिकटवणं, इस्त्री, टाके, रंग. अट एवढीच, की काम नीट होतंय याची खात्री पटेल इतकं त्याने ते स्वतः पाहिलं पाहिजे आणि विचारायला तो हाताशी असला पाहिजे. तपासणी मात्र तुमच्या हातात नाही.

शेवटची सही आयएची, म्हणजे इन्स्पेक्शन ऑथरायझेशन असलेल्या मेकॅनिकची. त्यासाठी त्याच्याकडे एअरफ्रेम आणि पॉवरप्लांट अशी दोन्ही रेटिंग्ज किमान तीन वर्षं असावी लागतात आणि आधीची दोन वर्षं तो कामात असावा लागतो. त्याचं अधिकारपत्र दर विषम वर्षाच्या ३१ मार्चला संपतं. काम पुढच्या वर्षावर जाणार असेल तर तो नूतनीकरण करणार आहे ना, हे विचारून ठेवा. साठी-सत्तरीतले कित्येक जण एखाद्या मार्चला थांबतात. कापडाचं काम समजणारा आयए मिळणं हीच या सगळ्यातली खरी अवघड गोष्ट आहे. ज्याने आयुष्यभर पत्र्याची सेसना पाहिली, तो तुमच्या टाक्यांवर सही करायला बिचकणारच, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

एक पर्याय प्रमाणित रिपेअर स्टेशनचा. तिथे मेजर रिपेअरला फॉर्म ३३७ ऐवजी त्यांची सही असलेली वर्क ऑर्डर चालू शकते. पैसे जास्त, डोकेदुखी कमी.

कापड फाडण्याआधी जमवायचे कागद

पहिला कागद विमानाचा इतिहास. एफएएच्या रजिस्ट्रीकडून त्या एन-नंबरची पूर्ण फाइल मागवता येते. आजवर दाखल झालेले सगळे ३३७ त्यात असतात. मागच्या खेपेला कुठलं कापड, कुठली पद्धत, मध्ये कुणी स्पार, म्हणजे पंखातला मुख्य लांब दांडा, बदलला का, सगळं कळतं. विक्रेता म्हणतो 'पाच वर्षांपूर्वीच मढवलंय', आणि फाइलमध्ये त्याचा ३३७ नसतो, तेव्हा किमतीबद्दल पुन्हा बोलायला बसावं.

दुसरा कागद एसटीसी. पॉलिएस्टरच्या प्रत्येक पद्धतीची, पॉली-फायबर असो, सेकोनाइट असो की स्ट्युअर्ट सिस्टिम्स, स्वतःची मंजुरी आणि स्वतःचं मॅन्युअल असतं. तुमचं मॉडेल त्या मंजुरीच्या यादीत आहे का ते आधी बघा. ती मंजुरी वापरायला एसटीसीधारकाची लेखी परवानगी लागते. कापड विकत घेतल्याबरोबर ती मिळतेच असं नाही, कागद हातात घ्या. आणि मंजुरी नुसत्या कापडाला नसते, गोंदापासून शेवटच्या रंगापर्यंतच्या साखळीला असते. एकाचा गोंद, दुसऱ्याचा चंदेरी थर, तिसऱ्याचा गाडीचा रंग असं केलंत, की तुमचं काम त्या एसटीसीच्या बाहेर गेलं. स्वस्तात मिळालेल्या रंगापायी अख्खं काम अडकतं.

तिसरा मालाचा पुरावा: बिलं, आणि प्रमाणित कापडाच्या काठावर छापलेल्या खुणेचा तुकडा. हा काठ कापून फेकला जातो. त्याचा हातभर तुकडा फाइलमध्ये ठेवा.

शिवाय चालू वेट अँड बॅलन्स, म्हणजे विमानाचं वजन आणि तोल यांचा हिशोब, उपकरणांची यादी आणि एअरवर्दीनेस डायरेक्टिव्हची, म्हणजे एफएएच्या सुरक्षेसाठीच्या सक्तीच्या आदेशांची, स्थिती. कबच्या बाबतीत पंखाला आधार देणाऱ्या स्ट्रटवरची २०१५-०८-०४ ही डायरेक्टिव्ह विसरू नका. पंख उतरवलेलेच आहेत, तर स्ट्रट आतून गंजलेत का ते तेव्हाच बघून होतं.

क्रम

माझ्या पहिल्या कबच्या वेळी मी उत्साहाच्या भरात एका शनिवारी दोन्ही पंखांचं जुनं कापड टराटरा फाडलं आणि कचऱ्यात टाकलं. दोन दिवसांनी आयए आला आणि त्याने विचारलं, टाक्यांमधलं अंतर किती होतं? तपासणीची भोकं कुठे होती? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग टॉर्च घेऊन एकेका रिबच्या कडेवर दोऱ्याने घासलेल्या फिकट खुणा शोधत बसलो. म्हणून जुनं कापड पूर्ण, गुंडाळी करून, डावं-उजवं लिहून ठेवा. नवीन टाक्यांचं अंतर मूळच्याहून जास्त चालत नाही, आणि त्याचा पुरावा त्या गुंडाळीतच असतो.

उघडा पंख आयएने पाहिला पाहिजे. एकदा मढवला की आतलं काही दिसत नाही. लाकडी स्पार असेल तर भेगा आणि दाबाने पडलेल्या आडव्या रेघा, धातूचा असेल तर गंज, आणि पंख काटकोनात आहे का हे आतल्या तारांचं माप घेऊन. उंदरांनी घर केलं असेल तर त्यांच्या मुताने ॲल्युमिनियम खाल्लेलं असतं, ते तर हमखास बघा. ही तपासणी झाल्याची लॉगबुकात वेगळी नोंद करून घ्या. मढवण्याआधी सही मिळाली नाही, तर नवं कापड कापून दाखवायची वेळ येऊ शकते.

मग कापड चिकटवून इस्त्री. हो, साधीच घरगुती इस्त्री, फक्त थर्मामीटरने तपासलेली. तिच्या चकतीवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. आधी २५० अंश फॅरनहाइट, शेवटी ३५०. कापड डोळ्यांदेखत आवळत जातं, आणि टिचकी मारली की डफासारखं वाजतं. ३५० च्या वर गेलात तर तेच कापड सैल पडतं आणि परत ताणलं जात नाही.

टाके घालताना मला नेहमी गादीवाला आठवतो. तीच हातभर लांब सुई, वरून खाली, खालून वर, दोरा ओढून गाठ. फरक एवढाच, की इथे प्रत्येक गाठ ठरलेल्या प्रकारची आणि ठरलेल्या अंतरावर. पंख्याच्या झोतात येणाऱ्या भागात टाके जवळ-जवळ लागतात. तो भाग म्हणजे प्रोपेलरचा व्यास, अधिक दोन्ही बाजूंना एकेक रिब. टाक्यांवर पट्टी चिकटवण्याआधी आयएला पुन्हा बोलवा. पट्टी चढली की गाठी झाकल्या. त्यानंतरचा चंदेरी थर शोभेचा नाही, पॉलिएस्टरला उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवतो तोच. रंग गुळगुळीत दिसावा म्हणून लोक तो घासून पातळ करतात आणि काही वर्षांनी भोगतात.

फॉर्म भरताना

फॉर्म ३३७ दोन पानांचा, फी नाही. वरची माहिती, म्हणजे मेक, मॉडेल, सिरियल नंबर, मालकाचं नाव, नोंदणीच्या कागदावर आहे तशीच लिहा, स्पेलिंगसकट. आपल्या नावात मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, लांब की इनिशियल, याचा घोळ असतोच. रकाना ६ मध्ये काम करणाऱ्या किंवा करवून घेणाऱ्या मेकॅनिकची सही, रकाना ७ मध्ये आयएची. रकाना ३ एफएएसाठी, तो रिकामा सोडा. एसटीसी नसलेल्या कामाला फील्ड ॲप्रूव्हल, म्हणजे त्या एकाच विमानापुरती एफएए इन्स्पेक्टरची मंजुरी, घ्यायचं झालं तरच तिथे इन्स्पेक्टर सही करतो.

खरं लिखाण रकाना ८ मध्ये. कुठले भाग मढवले, एसटीसीचा क्रमांक, मॅन्युअलचं नाव आणि आवृत्ती, टाक्यांचं अंतर, उघड्या पंखाच्या तपासणीत काय सापडलं आणि काय दुरुस्त केलं, वजन पुन्हा घेतलं का. 'एसी ४३.१३-१बी प्रमाणे मढवलं' एवढंच लिहून पॉलिएस्टरचं काम भागत नाही; त्या मार्गदर्शिकेचं दुसरं प्रकरण कापडावर आहे खरं, पण तुमच्या पद्धतीची मंजुरी एसटीसीतून येते. जादा कागद जोडलात तर प्रत्येकावर एन-नंबर आणि काम संपल्याची तारीख.

किमान दोन प्रती. एक मालकाला, एक ओक्लाहोमा सिटीच्या एअरक्राफ्ट रजिस्ट्रेशन ब्रँचला, विमान सेवेत परत घेण्याची सही झाल्यापासून ४८ तासांत. चाचणी उड्डाण झाल्यापासून नव्हे. तिकडून मंजुरीचं पत्र येत नाही. त्याची वाट बघत विमान महिनाभर उभं ठेवणारे मी पाहिलेत.

लॉगबुकात वेगळी नोंद हवीच: कामाचं वर्णन, तारीख, सही, सर्टिफिकेटचा क्रमांक आणि प्रकार. कापड बदलल्याने विमानाच्या वागण्यात जाणवण्याजोगा फरक पडू शकत असेल, तर पहिलं उड्डाण त्या विमानासाठी पात्र, किमान प्रायव्हेट पायलट असलेल्याने करायचं आणि लॉगबुकात नोंदवायचं. त्याआधी प्रवासी नाही. मुलांना पुढच्या सीटवर बसवून फोटो काढा, इंजिन बंद ठेवून.

आणि कापड आधीच नापास झालं असेल, तर कारागिराकडे 'एवढं शेवटचं' म्हणून उडवत नेऊ नका. एफएएच्या स्थानिक कार्यालयातून फॉर्म ८१३०-६ भरून स्पेशल फ्लाइट परमिट मागता येतं, पण पंख उतरवून ट्रेलरवर नेणं बहुतेकांना सोपं पडतं. डावा-उजवा लिहून.