अन्ननलिकेचा कर्करोग

घशातून जठरात अन्न नेणाऱ्या सुमारे २५ सेंमी लांबीच्या नळीत होणारा कर्करोग. भारतात अस्तरातल्या चपट्या पेशींचा प्रकार जास्त आढळतो. तो बहुधा नळीच्या वरच्या व मधल्या भागात होतो; तंबाखू, दारू आणि सुपारी ही त्याची मोठी कारणे. दुसरा प्रकार ग्रंथिपेशींचा. तो जठराजवळच्या टोकाला होतो आणि वर्षानुवर्षे घशाशी येणारे आम्ल व लठ्ठपणा यांच्याशी जोडलेला आहे.

सातारा-सांगलीकडे तंबाखू म्हटले की चुना लावून मळलेली चिमूट किंवा बिडी डोळ्यांपुढे येते. मशेरी त्यात कुणी धरत नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि सकाळी बोटाने दातांना लावायची. ‘तंबाखू खाता का?’ याला ‘नाही’ म्हणणाऱ्या बाईच्या फडताळात मशेरीची डबी असू शकते, म्हणून ते वेगळे विचारावे लागते.

नळी ताणली जाते, त्यामुळे ती बरीच आवळेपर्यंत त्रास कळत नाही. आधी कोरडी भाकरी अडते, मग भात, शेवटी पाणीही. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खाणे इकडे रोजचेच. त्यामुळे माणूस पातळ खाण्यावर आला तरी घरच्यांना खटकत नाही. पित्ताच्या गोळ्यांत महिने जातात. घास अडकू लागला की दुर्बिणीने तपासून नळीतला छोटा तुकडा तपासणीसाठी काढणे हेच खरे निदान. पसरण सीटी व पेट स्कॅनवर कळते.

रोग अस्तरापुरता असेल तर दुर्बिणीतूनच काढता येतो. खोल गेला असेल तर चपट्या पेशींच्या प्रकारात बहुधा आधी सुमारे पाच आठवडे केमो (कर्करोगावरची औषधे) व रेडिएशन (किरणोपचार), मग शस्त्रक्रिया. ग्रंथिपेशींच्या प्रकारात शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर केमोही देतात. शस्त्रक्रियेत अन्ननलिका काढून जठराचीच नळी करून ती छातीत किंवा मानेत वर जोडतात. पुढे जेवण थोडे-थोडे, आणि जेवून लगेच आडवे व्हायचे नाही. रोग नळीच्या मानेतल्या भागात असेल किंवा शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर केमो-रेडिएशनवरच भर असतो. पसरलेल्या रोगात केमो, इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती रोगाविरुद्ध चालवणारी औषधे) आणि गिळता यावे म्हणून स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी जाळी. पोटातून घातलेली अन्नाची नळी म्हणजे शेवट, हा समज मात्र चुकीचा. उपचार सोसण्याइतकी ताकद राहावी म्हणून ती पुष्कळदा सुरुवातीलाच घालतात.

मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांच्या १८९४ च्या मिशन रुग्णालयापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव. कर्करोगाचे उपचार तिथे आणि कराडलाही होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, दर खेपेला काही मिनिटांचे. जत, आटपाडी किंवा माणच्या रुग्णाला त्या मिनिटांसाठी रोजची एसटी परवडत नाही. तेवढे आठवडे पाहुण्यांकडे किंवा दवाखान्याजवळ खोली घेऊन काढावे लागतात.