हादऱ्याआधी पोचलेलं ट्वीट

‘ट्विटरला भूकंप आधीच कळतो’ (ट्विटर म्हणजे आजचं एक्स) हे फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर आलं असेल. एका अर्थी ते खरंही आहे. २३ ऑगस्ट २०११ ला अमेरिकेतल्या व्हर्जिनियात ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. न्यूयॉर्क तिथून सुमारे साडेचारशे किलोमीटर. जमीन जोरात हलवणाऱ्या लाटा सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर धावतात, म्हणजे दोन मिनिटांचा प्रवास. तेवढ्यात ‘हललं!’ असं ट्वीट करून होतं. न्यूयॉर्कमधल्या काहींनी ते आधी वाचलं आणि मग त्यांची खुर्ची हलली.

याला भाकीत म्हणत नाहीत. भूकंप झालेलाच होता, बातमी तेवढी लाटेच्या पुढे धावली. ‘आज रात्री मोठा धक्का, नासाचा इशारा’ छापाचे मेसेज निव्वळ थाप असतात.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेत पॉल अर्ल आणि सहकाऱ्यांनी २००९ पासून ट्वीटचा हा ओघ तपासायला घेतला. इंग्रजी, स्पॅनिश, इंडोनेशियन अशा भाषांतले भूकंपाचे शब्द मोजायचे. युक्ती भूकंपमापकाचीच, दोन सरासऱ्यांची: गेल्या मिनिटाची आणि गेल्या तासाची. पहिलीला दुसरीने भागायचं. एरवी मिनिटाला २ ट्वीट येतात आणि आत्ता ६० आली, तर उत्तर ३०. वाजवा घंटा.

पण पहाटे तीनला? तासाची सरासरी ०.०२ वर आलेली, आणि दोन रातकिड्यांनी ‘भूकंप’ लिहिलं की उत्तर थेट १००! म्हणून छेदात एक ठरीव आकडा मिळवतात. समजा ५. आता रातकिड्यांचं उत्तर ०.४ आणि खऱ्या गोंधळाचं साडेआठ. एवढीशी पाचर, पण सगळं यंत्र तिच्यावर उभं आहे. पाच महिन्यांच्या नोंदींवर ही पद्धत चालवली, तेव्हा ४८ भूकंप सापडले. खोटे इशारे दोनच. त्या काळात नोंदले गेलेले भूकंप मात्र पाच हजारांवर होते.

पुढे गाळणी आणखी बारीक झाली. घाबरलेला माणूस सात शब्दांच्या आत आटपतो आणि लिंक देत बसत नाही, म्हणून लांबलचक आणि लिंकवाली ट्वीट बाद. मराठीत तर ही गाळणी हवीच, नाहीतर दर पक्षफुटीला ‘राजकीय भूकंप’ मोजला जाईल.

गाळून उरलेल्या ट्वीटचे ठिपके नकाशावर मांडून वेळेची पट्टी सरकवली की ते केंद्राभोवती उमलत जाताना दिसतात. मात्र ठिपका म्हणजे हादरा नव्हे, झोपेत नसलेला आणि फोन हातात असलेला माणूस. तोही प्रोफाइलमध्ये लिहिलेल्या गावी दाखवला जातो, मग प्रत्यक्षात तो कुठेही असो. समुद्रात मोठा भूकंप झाला तरी केंद्रावर नकाशा कोराच, ठिपके उठतात ते किनाऱ्यावरच्या शहरांत.