रोमच्या पायाखालचे एत्रुस्कन

रोम ज्या टेकड्यांवर वसले, त्यांच्या मधला सखल भाग टायबर नदीला पूर आला की पाण्याखाली जाई. पुढे साम्राज्याचे केंद्र ठरलेला फोरम हा चौक याच पाणथळ जागेवर उभा आहे. तिथल्या जमिनीतून खोलवर काढलेल्या मातीच्या नमुन्यांत माणसांनी टाकलेल्या भरावाचे थर दिसतात. पाणी टायबरकडे नेण्यासाठी मोठा नालाही खोदला गेला. रोमन परंपरा या नाल्याचे श्रेय प्राचीन इटलीतल्या एत्रुस्कन लोकांच्या तार्क्विन राजघराण्याला देते. त्या राजांच्या कथा कित्येक शतकांनी लिहिल्या गेल्या, म्हणून त्यांतले तपशील जपूनच घ्यावेत. पण कॅपिटोलाइन टेकडीवरच्या ज्युपिटर मंदिराचा दगडी पाया आजही तिथल्या संग्रहालयात पाहता येतो. उंच चौथरा, समोर खोल मंडप आणि मागे तीन गाभारे, ही सगळी रचना एत्रुस्कन धाटणीची.

मध्य इटलीतल्या आर्नो आणि टायबर या नद्यांमधल्या प्रदेशात एत्रुस्कनांची श्रीमंत नगरे होती. तांबे आणि लोखंड हे त्यांचे बळ, आणि त्याच जोरावर ग्रीक व फिनिशियन व्यापाऱ्यांशी त्यांचा संबंध आला.

ग्रीकांकडून त्यांनी इ.स.पू. ७००च्या सुमारास लिपी घेतली. त्यांच्या भाषेत 'ग' हा ध्वनीच नव्हता, म्हणून ग्रीकांचे 'ग'चे अक्षर त्यांनी 'क'साठी वापरले. रोमनांनी लिपी उचलली ती या बदलासकट. लॅटिनमध्ये मात्र 'ग' होता! बराच काळ एकच अक्षर दोन्ही ध्वनींचे काम करत राहिले. इ.स.पू. तिसऱ्या शतकात त्याला एक छोटी रेघ जोडून वेगळे अक्षर केले गेले. इंग्रजी 'सी' आणि 'जी' इतकी सारखी दिसतात, ती यामुळे.

एत्रुस्कन लेख वाचता येतात, समजतात मात्र थोडेच. हजारो लेख सापडले आहेत, पण बहुतेक थडग्यांवरचे, नावापुरते. सर्वांत लांब मजकूर मिळाला तो एका इजिप्शियन ममीला गुंडाळलेल्या तागाच्या पट्ट्यांवर. ती ममी आता क्रोएशियातल्या झाग्रेबच्या संग्रहालयात आहे. सम्राट क्लॉडियसने एत्रुस्कनांचा वीस खंडांचा इतिहास लिहिला होता. त्यातले काहीही उरलेले नाही, याची हळहळ वाटते.

हे लोक आले कुठून? ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या मते आजच्या तुर्कस्तानातल्या लिडियातून. २०२१मध्ये मध्य आणि दक्षिण इटलीतल्या ८२ प्राचीन व्यक्तींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यात या स्थलांतराचा माग लागला नाही. एत्रुस्कन आणि शेजारचे लॅटिन लोक जनुकांनी जवळजवळ सारखेच निघाले, आणि दोघांतही काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातून आलेल्या पूर्वजांचा मोठा वाटा होता. या पूर्वजांबरोबर युरोपभर इंडो-युरोपीय भाषा पसरल्या, असे मानले जाते. लॅटिन त्यांतलीच. एत्रुस्कन मात्र त्या कुळातली नाही. म्हणजे इथे पूर्वज मिसळले, तरी जुनी भाषा टिकली. असेच स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क लोकांचेही झाले, पण त्यांची भाषा आजही बोलली जाते. एत्रुस्कन भाषा लॅटिनच्या रेट्यापुढे इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपास बोलण्यातून गेली.