उघड्या दाराआडची प्रार्थना : शारदा सदन ते मुक्ती

पार्श्वभूमी

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये आज प्रार्थनेच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदतात. रविवारच्या उपासनेत छापील क्रमाप्रमाणे पाळक म्हणतात आणि मंडळी उत्तर देते. उपास-प्रार्थनेला किंवा घरप्रार्थनेला तीच माणसे डोळे मिटून, आपापल्या शब्दांत, कित्येकदा एकाच वेळी आणि मोठ्याने प्रार्थना करतात. दुसरी रीत आपल्याकडे रुजली ती वादातून. या टिपणाचा भर पंडिता रमाबाईंच्या काळावर आहे, कारण मनापासून केलेली प्रार्थना काय करू शकते आणि तिच्यामुळे काय गमवावे लागते, या दोन्ही गोष्टी मराठी मुलखात त्या काळी उघडपणे दिसल्या.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. प्रभूची प्रार्थना, स्तोत्रे, मठांतल्या नेमून दिलेल्या वेळा आणि 1549 पासून इंग्लंडच्या चर्चमधले छापील प्रार्थनापुस्तक, अशी ती परंपरा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत आत्मस्फूर्त प्रार्थनेवर भर देणाऱ्या चळवळी उभ्या राहिल्या. त्याच वळणाच्या जॉर्ज म्युलर यांनी ब्रिस्टलमध्ये 1836 पासून अनाथाश्रम चालवले ते कोणापुढे हात न पसरता, गरज फक्त देवाला सांगून. म्युलर यांचे चरित्र पुढे रमाबाईंच्या वाचनात आले.

रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. तिथल्या भगिनींच्या मठात दिवसाचा प्रत्येक प्रहर नेमलेल्या प्रार्थनेने बांधलेला होता. रमाबाई त्यात बसत, पण न पटलेले मत तोंडाने म्हणायला तयार नसत. त्यावरून मठातल्या ज्येष्ठ भगिनीशी त्यांची प्रदीर्घ पत्रापत्री झाली. त्यांच्या श्रद्धेला खरे वळण मिळाले ते सुमारे 1891 मध्ये. इंग्लंडमधल्या एका धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या हाती पडले. चर्चचा पाळक असलेला तो माणूस स्वतःच्याच प्रवचनाने बदलून गेला होता. ते वाचून रमाबाईंना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त अजून सापडलेला नाही. त्यांनी स्वतः हे पुढे लिहून ठेवले. तेव्हापासून त्यांची प्रार्थना नेमाची न राहता मनाची झाली, आणि वादही तिथूनच सुरू झाला.

विधवा मुलींच्या शिक्षणासाठी रमाबाईंनी काढलेले शारदा सदन 11 मार्च 1889 रोजी मुंबईत उघडले आणि 1890 च्या अखेरीस पुण्यात आले. पैसा अमेरिकेतून येत होता. बोस्टनमधल्या संस्थेने दहा वर्षांची हमी दिली होती आणि सदन कोणत्याही पंथाचे असणार नाही, असे ठरले होते. पुण्या-मुंबईतले नामवंत सुधारक सल्लागार मंडळावर होते. ब्राह्मण मुलींचे सोवळे-ओवळे, स्वयंपाक, व्रतवैकल्ये यांना धक्का लागणार नव्हता. ग्रंथालयात हिंदूंचे धर्मग्रंथ होते आणि बायबलही होते.

रमाबाई आपल्या खोलीत मुलगी मनोरमा हिच्याबरोबर रोज प्रार्थना करत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. कोणी नुसत्या ऐकत, कोणी पुढे बायबल वाचू लागल्या. सल्लागारांचे म्हणणे असे की पालकांना तटस्थतेचा शब्द दिलेला आहे, म्हणून दार लावून घ्यावे. रमाबाईंनी नकार दिला. सदनातल्या मुलींना आपापली पूजाअर्चा उघडपणे करायची मोकळीक आहे. मग मीच माझ्या देवाला चोरून का हाक मारावी, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा. मी कोणाला बोलावत नाही, आलेल्या मुलीला हाकलून मात्र देणार नाही, असेही त्या सांगत.

हा नकार हट्टाचा होता की निष्ठेचा, यावर आजही दुमत आहे. सल्लागारांची बाजू पोकळ नव्हती. दहा-बारा वर्षांची विधवा मुलगी, जिला घरी कोणी जवळ करत नव्हते, तिला प्रथमच कोणीतरी मायेने वागवते. अशा मुलीने त्या बाईच्या शेजारी येऊन बसणे कितपत स्वेच्छेचे? हा प्रश्न रास्त आहे आणि ख्रिस्ती वाचकांनी तो उडवून लावू नये. विधवेला शिकवायलाच विरोध असलेल्या समाजात मोठ्या कष्टाने मिळवलेला पालकांचा विश्वास असा जाणे सुधारकांना परवडणारे नव्हते.

तरीही माझ्या मते रमाबाईंनी दार लावले नाही ते योग्यच केले. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू सांगतो की प्रार्थना करताना आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे. ख्रिस्ती माणसाला हे वचन रमाबाईंच्या विरोधात जाते असे वाटू शकते. पण ते वचन लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांना उद्देशून आहे. दार कोणापासून लावायचे, तर वाहवा करणाऱ्यांपासून. रमाबाईंच्या दाराबाहेर वाहवा करणारे कोणी नव्हते; तिथे होत्या टक्कल केलेल्या, अबोल मुली आणि बदनामी. त्यांच्या परिस्थितीला लागू पडतो तो दानीएलाचा सहावा अध्याय. प्रार्थनेला बंदी करणारे फर्मान निघाले हे कळल्यावरही दानीएल घरी गेला आणि यरुशलेमेकडच्या उघड्या खिडक्यांपाशी, पूर्वी करत असे तशीच, दिवसातून तीनदा प्रार्थना करत राहिला. त्याने नवीन काही केले नाही. आधीचे थांबवले नाही, एवढेच. ज्या घरात इतर सगळ्यांची उपासना उघड होती, तिथे एकीचीच बंद दाराआड गेली असती तर तिचा अर्थ मुलींनी लाज असाच घेतला असता.

या निर्णयाची किंमत मोठी होती. ऑगस्ट 1893 मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले. संस्था उघड धर्मप्रसाराची झाली असल्याने आपला तिच्याशी संबंध नाही, असे त्यांनी जाहीर केले. पुण्यातल्या वृत्तपत्रांनी आधीच झोड उठवली होती. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. अमेरिकेतल्या संस्थेने रमाबाईंना पाठिंबा दिला म्हणून सदन टिकले.

पुण्यातले पाठबळ गेले तसा रमाबाईंचा आधार प्रार्थनेवर अधिकाधिक राहू लागला. 1895 मध्ये लोणावळ्याच्या शिबिरात त्या पहाटे रानात जाऊन प्रार्थना करत होत्या. श्रद्धेत आलेल्या 15 मुली त्यांच्याबरोबर होत्या. या संख्येचा वर्ग कर, म्हणजे 225 मुली दे, असे मागणे त्यांनी देवाकडे मागितले. पुढे 1896-97 चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे 300 उपाशी मुली-बायका आणल्या. प्लेगच्या दिवसांत सरकारने पुण्यात एवढ्या मुली ठेवू दिल्या नाहीत, म्हणून दौंडच्या वाटेवरच्या केडगावच्या माळावर, आधी घेऊन ठेवलेल्या जमिनीत छपरे उभी राहिली. तीच रमाबाईंची मुक्ती ही संस्था. 1900 च्या गुजरात दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. पाणी दोन विहिरींचे. रोज संध्याकाळपर्यंत तळ गाठला जाई आणि सकाळी पुन्हा पुरेल एवढे पाणी साठलेले असे, ही त्या वर्षाची साक्ष आहे. हा चमत्कार की झऱ्याचा गुण, याचा निवाडा वाचकाने करावा. एवढ्या तोंडांची जबाबदारी घेऊन रोज रात्री गुडघ्यांवर बसणाऱ्या बाईला त्यात देवाचा हात दिसला, हे मला पूर्ण समजते.

1904-05 मध्ये वेल्समधल्या संजीवनाच्या, म्हणजे मंडळ्यांमध्ये एकाएकी उसळलेल्या धर्मजागृतीच्या, बातम्या येऊ लागल्या. जानेवारी 1905 मध्ये मुक्तीत रोजची खास प्रार्थनासभा सुरू झाली. सुरुवातीला सुमारे 70 जणी येत. जूनपर्यंत संख्या 500 च्या पुढे गेली. 29 जूनच्या पहाटे एका मुलीला आपल्या अंगावर अग्नी उतरल्याचा अनुभव आला. शेजारची मुलगी पाण्याची बादली आणायला धावली, पण पाहते तर मुलगी पेटलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाचा आठवा अध्याय शिकवत असताना सगळी सभा रडू लागली, पापे कबूल करू लागली आणि एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागली.

गोऱ्या मिशनऱ्यांपैकी काहींना हा गोंगाट म्हणजे उन्माद वाटला. रमाबाईंनी पुन्हा तोच निर्णय घेतला, रोखायचे नाही. भारतीय मुलींनी पाश्चात्त्य शिस्तीत रडावे असे त्यांना वाटत नव्हते. 1906 च्या अखेरीस काही मुली प्रार्थना करताना अन्य भाषांत, म्हणजे स्वतः न शिकलेल्या भाषांत, बोलू लागल्या; हे पवित्र आत्म्याचे दान मानले जाते. रमाबाईंना स्वतःला ते दान मिळाले नाही. ते ज्यांना मिळाले त्यांना त्यांनी गप्प केले नाही, आणि ते नसले तर पवित्र आत्मा मिळालेलाच नाही, असा नियमही केला नाही. हा समतोल पुढच्या पिढ्यांना नेहमीच साधला असे नाही. त्यांच्या अमेरिकन सहकारी बाईंनी 1906 मध्ये या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली. ती चिलीत वालपाराइसोला एका जुन्या वर्गमैत्रिणीकडे पोचली, आणि 1909 मध्ये तिथे जे संजीवन झाले त्यातून चिलीतली पेंटेकॉस्टल, म्हणजे अशा आत्म्याच्या दानांवर भर देणारी, मंडळी उभी राहिली. दौंडजवळच्या माळावरची प्रार्थना पॅसिफिकच्या काठापर्यंत गेली याची दखल आपल्या मंडळ्यांमध्ये फार कमी घेतली जाते.

नंतरचा काळ. 1970 मध्ये नागपूरला उत्तर भारतातल्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र आल्या आणि उपासनेचा छापील क्रम रविवारी कायम राहिला. गेल्या काही दशकांत जुन्या मंडळ्यांबाहेरचे स्वतंत्र प्रार्थनागट (सहभागित्वे) वाढले आणि एकत्र मोठ्याने प्रार्थना करणे जुन्या मंडळ्यांतही आले. रोगमुक्ती, नोकरी, व्हिसा यांच्या साक्षी वाढल्या. 1905 च्या साक्षींत पहिला भाग पापाच्या कबुलीचा असे. तो आता मागे पडला आहे आणि याची मला खंत वाटते.

दाराचा प्रश्नही नव्या रूपात परत आला. ओडिशाने 1967 मध्ये आणि मध्य प्रदेशाने 1968 मध्ये धर्मांतरावर निर्बंध घालणारे कायदे केले. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. धर्माचा प्रसार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असा तो निकाल होता. त्यानंतर आणखी राज्यांनी असे कायदे केले. तेव्हापासून घरप्रार्थनेला शेजारी येऊन बसला तर तो आपण होऊन आला की बोलावला गेला, यावर तक्रारी होत आहेत. सल्लागार मंडळाने 1893 मध्ये रमाबाईंना विचारले होते ते हेच.